दीडशे डोकी, एक प्रश्न

नाशिकहून पेठला जाणारा रस्ता पुढे धरमपूरमार्गे गुजरातेत वलसाडकडे उतरतो. नाशिक ते पेठ अंतर साधारण 55 किलोमीटर. वाटेत सावळघाट लागतो आणि भर पावसात हे अंतर तासाच्या हिशोबात बसत नाही. तालुका डोंगराळ, वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासी समाजांची. भात, नागली, वरईचा हंगाम आटोपला की कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. पेठ गावात ग्रामीण रुग्णालय आहे, तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, आणि अशा केंद्रांत रात्री ड्यूटीवर बहुतेक वेळा एकच डॉक्टर असतो. अनेकदा तो नुकताच एमबीबीएस झालेला असतो. सरकारी कॉलेजात शिकल्यावर वर्षभर सेवा द्यायचा बाँड असतो, त्या बाँडचं वर्ष तो भरत असतो.

आता या डॉक्टरसमोर येणारा एक रुग्ण डोळ्यांपुढे आणा. प्रसंग शिकवण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातलं प्रत्येक लक्षण पुस्तकातलं आहे आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात काम केलेल्या डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. जुलै महिना, पहाटेचे साडेचार. नऊ वर्षांची मुलगी. घरात जमिनीवर अंथरूण घालून झोपली होती. पोटात दुखतंय म्हणून उठली, दोन उलट्या झाल्या. ताप नाही. अंगावर कुठेही जखम दिसत नाही. आई एवढंच सांगते, ‘डोळे नीट उघडत नाहीयेत तिचे.’

पोटदुखी आणि उलट्या म्हणजे गॅस्ट्रो, ओआरएस द्या, सलाईन लावा, सकाळी बघू. असा विचार पहिल्यांदा मनात येणं अगदी स्वाभाविक आहे. पण ही मण्यार चावल्याची लक्षणं आहेत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण सापडत नाही, वेदना जवळजवळ नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ‘सकाळी बघू’ म्हणण्याइतका वेळ तिथे नसतो.

या डॉक्टरनं सर्पदंशावरचं लेक्चर ऐकलेलं असतं. हजेरीही लागलेली असते. मण्यारीच्या विषाचं नाव, ते मज्जातंतूच्या टोकावर नेमकं कुठे काम करतं, हे त्यानं वायव्हात सांगितलेलंही असतं. तरी पहाटे साडेचारला तो गॅस्ट्रोकडे वळू शकतो, कारण वर्गात त्याला सगळं सांगितलं गेलं होतं. ठरवायला मात्र काहीच दिलं नव्हतं. साप चावलाय हे त्या लेक्चरच्या शीर्षकातच लिहिलेलं होतं. पेठच्या मुलीच्या कपाळावर असं शीर्षक नसतं.

मोठ्या वर्गात शिकवण्याचा खरा प्रश्न इथे आहे. वर्गात दीडशे मुलं बसतात की अडीचशे, हे त्यापुढे दुय्यम आहे.

संख्या मोठी आहे हे मात्र खरं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये सुरू झालं. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड हे रुग्णाच्या खाटेशी उभं राहून शिकवण्याचे आग्रही होते, आणि 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग यांच्यासह मोजकेच विद्यार्थी होते. आज पुण्याचं बी. जे., मुंबईचं सेठ जी. एस., नागपूरचं शासकीय महाविद्यालय, प्रत्येकी 250 विद्यार्थी दरवर्षी घेतात. देशात 2014 पूर्वी एमबीबीएसच्या 51,348 जागा होत्या, आता त्या एक लाखाच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. एवढ्या मुलांना दहादहाच्या गटांत बसवून शिकवायला शिक्षक कुठून आणायचे? म्हणून लेक्चर. लेक्चर स्वस्त पडतं, एका शिक्षकात भागतं, आणि अभ्यासक्रम ‘झाला’ असं वहीत लिहिता येतं.

नियमांनी मात्र लेक्चरला फार पूर्वीच मर्यादा घातली होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या 1997 च्या पदवी नियमावलीतच लिहिलं होतं की नुसती व्याख्यानं एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. 2019 मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तेव्हा तेच वाक्य पुन्हा आलं आणि उरलेल्या दोन तृतीयांश वेळेत प्रात्यक्षिकं, क्लिनिक आणि गटचर्चा यांच्या जोडीला ‘संवादी सत्रं’ असा शब्द घातला गेला. म्हणजे मधली 22 वर्षं नियम एक सांगत होता आणि वेळापत्रक दुसरंच. कागदावर ‘संवादी’ लिहिलेलं सत्रही पुष्कळदा साठ स्लाइडची पीपीटी आणि शेवटी ‘एनी डाउट्स?’ इतकंच असतं. त्या प्रश्नावर हॉलमध्ये पसरणारी शांतता मेडिकलला शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल.

मग संवादी लेक्चर म्हणजे नेमकं काय? ते जवळून पाहू. तोच हॉल, तेच दीडशे विद्यार्थी, तोच एक शिक्षक, तोच एक तास. फरक एवढाच की पहिल्या स्लाइडवर विषयाचं नाव नाही. तिथे वरची मुलगी आहे, पहाटेची वेळ, पोटदुखी, उलट्या आणि आईचं ते एक वाक्य. खाली चार पर्याय: गॅस्ट्रो समजून ओआरएस, अ‍ॅपेंडिक्सची शंका म्हणून नाशिकला सर्जनकडे, मेंदूज्वर समजून अँटिबायोटिक, सर्पदंश समजून उपचार. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात चार रंगांची चार कार्डं आहेत. एक मिनिट कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग ‘एक, दोन, तीन’ म्हणताच सगळ्यांनी एकदम आपलं कार्ड छातीशी धरायचं, म्हणजे शेजाऱ्याचं बघून आपलं बदलता येत नाही.

शिक्षकाला व्यासपीठावरून एका नजरेत वर्ग वाचता येतो. हॉल जवळपास सगळा बरोबर उत्तराच्या रंगाचा असेल तर पुढे चला. रंग मिसळलेले असतील तर तास सुरू झाला. आता शेजारच्याशी बोला, आणि आपलंच उत्तर बरोबर का ते त्याला पटवून द्या. दोन मिनिटं. हॉलमध्ये गलका होतो आणि तो व्हायलाच हवा. मग पुन्हा कार्डं वर.

हा क्रम हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात बसवला. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सूत्रं लावून सोडवत, पण बलाविषयीचा साधा प्रश्न शब्दांत विचारला की अडखळत. त्यांच्या पद्धतीत एक अंदाजाचा नियम आहे: पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्के असतील तरच चर्चेला अर्थ आहे. त्याहून कमी असतील तर मुलांना विषयच कळलेला नाही, पुन्हा समजावून सांगा. जास्त असतील तर वेळ घालवू नका. माझूर मांडतात ते कारणही समजून घेण्यासारखं आहे. ज्याला गोष्ट आत्ताच कळली आहे त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. वीस वर्षं शिकवणाऱ्याला ते आठवत नाही. म्हणून शेजारचा मुलगा कधीकधी प्राध्यापकापेक्षा चांगलं समजावतो.

आपला तास पुढे सरकतो. दुसरा प्रश्न: मुलीचं वजन 22 किलो आहे. सर्पविषावरचं औषध, म्हणजे एएसव्ही, मोठ्या माणसाला सुरुवातीला 10 व्हायल देतात. हिला किती? बालरोग विभागात औषधाचा प्रत्येक डोस वजनावर मोजायची सवय लागलेली असते, त्यामुळे पाच किंवा त्याहून कमी या उत्तराची ओढ फार मोठी असते. बरोबर उत्तर 10 आहे. सापानं विष सोडताना मुलीचं वजन पाहिलेलं नसतं. एएसव्हीला निष्प्रभ करायचं असतं ते विष, आणि ते तितकंच आहे. स्लाइडवर ‘लहान मुलांना मोठ्यांइतकाच डोस’ अशी ओळ वाचलेला विद्यार्थी ती विसरू शकतो. पण भर वर्गात पाच व्हायलचं कार्ड वर धरून चुकलेला विद्यार्थी ते सहसा विसरत नाही.

तिसरा प्रश्न आणखी कसोटी पाहतो. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवलं, ते व्यवस्थित गोठलं. मग साप चावलाच नाही म्हणायचं का? घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतं, त्यांच्यासाठी ही चाचणी उत्तम. मण्यारीचं विष रक्ताच्या वाटेला जातच नाही. चाचणी बरोबर आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. आणि शेवटचा प्रश्न: 108 बोलावली आहे, गाडी यायला वेळ आहे, नाशिक गाठायला घाट ओलांडून जायचंय. निघण्याआधी काय करायचं? एएसव्हीचा पहिला डोस इथेच सुरू करायचा, आणि श्वास थकला तर वाटेत अँब्यू बॅग कोण दाबणार हे आधी ठरवायचं. कारण मण्यारीच्या विषानं मज्जातंतूच्या टोकाला झालेली इजा एएसव्हीनं लगेच उलटत नाही; ती भरून येईपर्यंत श्वास चालू ठेवणं हाच उपचार.

चार प्रश्नांत तास संपला. विषाची रासायनिक नावं, सापांचं वर्गीकरण, खवल्यांच्या खुणा यांपैकी काहीही शिक्षकानं वाचून दाखवलं नाही. ते आदल्या दिवशी वाचून यायला सांगितलं होतं. इथेच बहुतेक शिक्षकांचा विरोध सुरू होतो: असं शिकवलं तर सिलॅबस कधी पूर्ण होणार? शंका प्रामाणिक आहे आणि तिचं उत्तरही सरळ द्यायला हवं. पूर्ण होणार नाही. वर्गात तरी नाही. पुस्तकात छापलेली यादी पुस्तकातून वाचता येते, आणि आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये पीजीच्या तयारीचं एखादं अ‍ॅप असतं, त्यात त्याच विषयाचं रेकॉर्ड केलेलं, हवं तेव्हा थांबवता येणारं लेक्चर असतं. नुसतं ऐकायचंच असेल तर मुलांनी हॉस्टेलवर ऐकलेलं काय वाईट? हॉलमध्ये दीडशे जणांना एकत्र आणायचं, तर तिथे एकट्यानं होणार नाही असं काहीतरी घडलं पाहिजे.

या पद्धतीचा उपयोग होतो का, हे मोजून पाहिलेलं आहे. 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लुई डेलॉरिए, एलन शेल्यू आणि नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला एक प्रयोग मांडला. एकाच अभ्यासक्रमाचे दोन वर्ग, प्रत्येकी 260 च्या वर विद्यार्थी, म्हणजे बी. जे. च्या एका तुकडीएवढे. एका आठवड्याचा तोच भाग एका वर्गात अनुभवी, विद्यार्थिप्रिय प्राध्यापकानं लेक्चर देऊन शिकवला. दुसऱ्या वर्गात शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेल्या तरुणांनी प्रश्न, चर्चा आणि प्रतिसाद या मार्गानं शिकवला. नंतरच्या चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी 41 टक्के, दुसऱ्याची 74 टक्के. एवढा मोठा फरक नेहमी मिळेल असं कुणी समजू नये. प्रयोग एका आठवड्याचा होता. पण 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही कल तोच दिसला. पारंपरिक लेक्चरच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण जवळपास 34 टक्के, सक्रिय शिक्षणाच्या वर्गात जवळपास 22 टक्के.

‘विद्यार्थ्यांचं लक्ष पंधरा मिनिटांपुढे टिकत नाही, म्हणून मधेमधे प्रश्न विचारा,’ असं शिक्षक-प्रशिक्षणात सर्रास सांगितलं जातं. त्या पंधरा मिनिटांना भक्कम पुरावा नाही. या विषयावरचं जुनं संशोधन 2007 मध्ये पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा असा ठरावीक आकडा त्यातून निघत नाही असंच दिसलं. प्रश्न विचारायचा तो मुलांना जागं करण्यासाठी नव्हेच. आठवायला भाग पाडल्यानं आठवण पक्की होते, हे त्यामागचं कारण जास्त खात्रीचं आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहिला. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के.

मात्र एक गोष्ट शिक्षकांनी आधीच मनाशी धरावी. विद्यार्थी तक्रार करतील. ‘सर शिकवतच नाहीत, नुसते प्रश्न विचारतात,’ हे वाक्य ऐकून कितीतरी उत्साही शिक्षक महिनाभरात जुन्या पीपीटीकडे परततात. हार्वर्डमध्ये 2019 साली हेच मोजलं गेलं. सक्रिय वर्गातल्या मुलांचे गुण जास्त आले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं; सफाईदार लेक्चर ऐकणाऱ्यांचं नेमकं उलट झालं. सगळं कळतंय असं वाटत राहणं सुखाचं असतं, आणि डोकं चालवताना अडखळणं कष्टाचं. म्हणून पहिल्याच तासाला मुलांना हे मोकळेपणानं सांगून टाकावं, आकड्यांसह.

महाराष्ट्रातल्या वर्गात आणखी एक अडचण असते, ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. लेक्चर इंग्रजीत चालतं. पेठ, सुरगाणा, नंदुरबार, गडचिरोलीतून, आश्रमशाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलं हॉलमध्ये हात वर करत नाहीत, कारण चुकीच्या उत्तरापेक्षा चुकीच्या इंग्रजीची भीती मोठी असते. ‘कोण सांगेल?’ असं विचारलं की तेच पाच हात वर येतात आणि शिक्षकाला वाटतं वर्ग बोलतोय. कार्डाला भाषा लागत नाही. आणि शेजाऱ्याला पटवून द्यायची दोन मिनिटं मराठीत, अहिराणीत, कोकण्यांच्या बोलीत गेली तरी काही बिघडत नाही. उलट त्या मुलीच्या आईशी हाच डॉक्टर याच बोलीत बोलणार आहे. पेठहून आलेला विद्यार्थी या दोन मिनिटांत पुणेकर मित्राला काही सांगू शकतो, कारण जमिनीवर झोपणं म्हणजे काय, पावसाळ्यात घरात साप का येतो, भगताकडे आधी का नेतात, हे त्याला पाहून ठाऊक आहे. एरवीच्या लेक्चरमध्ये त्याच्या या माहितीला जागाच नसते.

सगळं अडतं ते प्रश्नाच्या दर्जावर. ‘मण्यारीचं शास्त्रीय नाव काय?’ हा प्रश्न कार्डं वापरून विचारला तरी पाठांतराचाच राहतो. चांगल्या प्रश्नात चुकीचा पर्यायही खरा वाटला पाहिजे. सिकलसेलचं उदाहरण घ्या. पेठसह आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, आणि केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आईवडील दोघेही वाहक, पहिलं मूल सिकलसेलचं रुग्ण. आई पुन्हा गरोदर आहे आणि विचारते, ‘चारांत एक म्हणालात, ते एक तर झालं. आता पुढची तीन चांगली ना?’ उत्तर काय द्याल? मेंडेलचा तक्ता पाठ असलेले विद्यार्थीही इथे थबकतात. दर गरोदरपणात शक्यता नव्यानं 25 टक्के, आधीच्या मुलाचा तिच्याशी संबंध नाही, हे समजणं एक आणि त्या आईला धीर देत, तिच्या शब्दांत सांगणं दुसरं. दोन्ही याच तासात, शेजाऱ्याला आई कल्पून, करून पाहता येतं.

असे प्रश्न परदेशी पुस्तकांतून उचलून आणता येत नाहीत. ते आपल्याच दवाखान्यांत पडलेले आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून केलेली निरीक्षणं ‘लॅन्सेट’नं छापली आणि प्राझोसिनचा उपचार जगभर पोचला; त्याची सुरुवात कोकणातल्या एका साध्या आरोग्य केंद्रात झाली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना वर्षातून एकदा कॉलेजात बोलावून ‘तुम्हाला चकवलेल्या पाच केसेस सांगा’ म्हटलं, तर प्रत्येक विभागाला वर्षाचे प्रश्न मिळतील. रुग्णाची ओळख तेवढी काढून टाकायची.

शिक्षकांना हे शिकवण्याची सोय आपल्याकडे आहे. मुंबईच्या सेठ जी. एस. मध्ये 2005 पासून वैद्यकीय शिक्षकांसाठी फेमर संस्थेचा अभ्यासक्रम चालतो, प्रत्येक मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण विभाग असतो, मूलभूत प्रशिक्षण शिक्षकांना सक्तीचं आहे. प्रशिक्षणानंतर त्या शिक्षकाच्या हॉलमध्ये काय घडतं, ते मात्र क्वचितच कुणी जाऊन पाहतं. सगळी लेक्चरं एकदम बदलायची गरज नाही. एका विभागानं एका सत्रात पाच तास असे घेतले, प्रश्न जपून ठेवले, कार्डांवर किती जण चुकले याची नोंद ठेवली, तर पुढच्या वर्षी दहा तास होतील.

आणि एक विनंती नाशिकमधल्याच एका संस्थेला. 1998 मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे आणि राज्यभरातल्या बहुतेक कॉलेजांच्या एमबीबीएसच्या परीक्षा तिथून घेतल्या जातात. जोवर प्रश्नपत्रिकेत ‘सर्पदंशावर टीप लिहा’ विचारलं जाईल, तोवर मुलं टीपच पाठ करतील आणि हॉलमध्ये कार्ड वर धरणं त्यांना वेळ वाया घालवणंच वाटेल. बहुपर्यायी प्रश्नांचं वजन 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको हा नियम योग्यच आहे, पण उरलेल्या 80 टक्क्यांतल्या लेखी उत्तरांतही शीर्षक नसलेला रुग्ण देता येतो: वय, वेळ, दोन लक्षणं, हाताशी असलेली औषधं, जवळच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचं अंतर, आणि ‘पहिल्या तासात काय कराल, का?’ हा प्रश्न. विद्यापीठानं प्रत्येक पेपरात असा एक तरी सक्तीचा प्रश्न ठेवावा. राज्यभरातल्या कॉलेजांची लेक्चरं बदलायला याहून मोठ्या परिपत्रकाची गरज पडणार नाही.